साखरपाण्यावरच्या माद्या

बस सिग्नलला थांबली तेव्हा त्याचं लक्ष सहज बाहेर गेलं. समोरच्या फुटपाथवर एक बाई उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. कुणाशी तरी बोलता बोलता ती मान मागे टाकून हसली. मोठ्यानं हसली असणार, कारण शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. किती छान हसतेय ही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते पुरतं मनात उमटायच्या आत त्याला कळलं, की ती त्याची ताई आहे. मग सिग्नल सुटला. बस पुढे गेली. मान वळवून पाहीपर्यंत मध्ये एक ट्रक आला आणि फुटपाथ दिसेनासा झाला. ताई या वेळी छापखान्यात असायला हवी होती, मुद्रितं तपासत, लोकांच्या चुका काढत. या रस्त्यावर तिचं काहीच काम नव्हतं. पण त्याला खटकलं ते हे नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं जिच्याबरोबर एका घरात काढली, तिला आपण क्षणभर ओळखलंच नाही. आणि ओळखलं नाही तेवढा वेळ ती आपल्याला आवडली, कुणीतरी परकी बाई आवडावी तशी. ओळखल्यावर मात्र तोल गेल्यासारखं झालं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यानं नेहमीसारखे हात धुतले, कोट चढवला आणि आपल्या खोलीचं दार लोटलं. खोली कायम उबदार असायची आणि कायम दमट. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि ती विरेपर्यंत तो दारातच उभा राहायचा. कप्प्याकप्प्यांवर काचेच्या बशा होत्या. प्रत्येक बशीत ओला कापूस, कापसावर घेवड्याचं एक पान पालथं ठेवलेलं आणि पानावर त्याचे कोळी. जाळं विणणारे नव्हेत. हे टाचणीच्या टोकाहून लहान, आठ पायांचे, अंगानं नासपतीसारखे, शिकारी. पिकांवर पडणाऱ्या लाल कोळ्यांना हे खातात म्हणून शेतकऱ्यांना हवे असतात. पण शिकार नेहमी मिळत नाही. ती नसेल तेव्हा यांना काय घालायचं, काय घातलं की पिल्लं लवकर मोठी होतात, काय घातलं की मादी अंडी देते आणि काय घातलं की नुसतीच जगते, हे बघण्यात त्याची कितीतरी वर्षं गेली होती. एका कप्प्यावरच्यांना तो जिवंत लाल कोळी द्यायचा. दुसऱ्यावरच्यांना पाणकणसाचे परागकण. तिसऱ्यावरच्यांना पिठातल्या पतंगाची अंडी. आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यावर, त्याच्या गुडघ्यापाशी, साखरपाणी. साखरपाण्यावर पिल्लं मोठी होतच नाहीत, अर्ध्यात थांबतात. म्हणून तिथं त्यानं शिकारीवर वाढवलेल्या तरण्या माद्या आणून ठेवल्या होत्या आणि त्यांचं जेवण तोडून साखरपाणी सुरू केलं होतं. त्या अंडी देत नव्हत्या. पण मरतही नव्हत्या. वरच्या कप्प्यावरच्या पोटभर जेवणाऱ्या माद्या अंडी देऊन देऊन थकल्या, सुरकुतल्या, संपल्या. खालच्या आपल्या होत्या तशाच. पानाच्या मधल्या शिरेला लागून बसायच्या, हात न लावता ठेवून दिलेल्या कपबशांसारख्या. त्याला त्या शहाण्या वाटायच्या. काही मागत नाहीत, काही बिघडवत नाहीत. आज मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याकडे बघताना त्याला त्यांच्या शहाणपणाचा उगाचच राग आला.

दुपारी डबा उघडला. बटाटा होता. डब्यात बटाटा असायचाच. कधी कांद्याबरोबर, कधी घेवड्याबरोबर, कधी नुसता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताई नुकतीच नोकरीला लागली होती. वडील त्यानंतर फारसं बोललेच नाहीत, आणि पुढे तेही गेले, जाताना कुणाला त्रास नको अशा बेतानं. त्या दिवसांतलं त्याला आठवायचं ते एवढंच, की ताट असायचं. परीक्षा असो, ताप असो, घरात माणसं आलेली असोत, त्याच्यासमोर ताट यायचं आणि त्यातून वाफ निघत असायची. ताई म्हणायची, तू बस, मी मागाहून बसते. हे ‘मागाहून’ केव्हा यायचं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो जेवून हात धुवायला उठायचा तेव्हा ती भांडी गोळा करत असायची, आणि त्याला वाटायचं की मधल्या वेळात कुठेतरी तिचंही झालं असणार. घास तोंडात तसाच ठेवून तो हे आठवत बसला. समोर बसून जेवणारी ताई डोळ्यांपुढे आणायचा त्यानं प्रयत्न केला आणि ती येईना. ओले केस आले, मागे टाकलेली मान आली. ताट आलं नाही.

“बुवा, डब्यात केस निघाला का?” शेजारच्या टेबलावरून बुरशीबाईंनी विचारलं. त्या बुरशीवर काम करायच्या म्हणून सगळे त्यांना बुरशीबाई म्हणायचे आणि तो कोळ्यांवर काम करायचा म्हणून त्या त्याला कोळीबुवा म्हणायच्या. घाईत नुसतंच बुवा.

“नाही. विचार करतोय.”

“जेवताना विचार करू नये. माझी बुरशीसुद्धा करत नाही.”

संध्याकाळी घरी आला तर ताई नेहमीसारखी ओट्यापाशी उभी होती. केस कोरडे, विंचरलेले, मागे घट्ट बांधलेले. सकाळी पाहिलेली बाई दुसरीच कुणी असावी असं त्याला वाटू लागलं आणि बरं वाटलं. पण ती वाढायला वाकली तेव्हा तिच्या केसांना वास आला. ओळखीचा, झणझणीत, नाकात वर जाणारा.

“तुझ्या केसांना आमच्या प्रयोगशाळेतल्या फरशीचा वास येतोय,” तो म्हणाला.

ताई थबकली. मग तिला हसू फुटलं. “फरशीचा नाही, तलावातल्या क्लोरिनचा. मी पोहायला जाते. हिवाळ्यापासून जातेय. डॉक्टरांनीच सांगितलं, पाठीसाठी. छापखान्यात सकाळचं काम वाढलंय म्हणून तुला सांगितलं ना, ते वाढलेलं नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“आधी बुडत होते. बुडणं काय सांगायचं? म्हटलं जरा तरंगायला लागू दे.” तिनं डाव परत भांड्यात ठेवला, पुन्हा उचलला. “आणि आणखी एक सांगायचंय. पण तू आधी जेवून घे.”

“आत्ताच सांग.”

“तिथं शिकवणारे सर आहेत. एकटेच असतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. आम्ही लग्न करायचं म्हणतोय.”

त्याच्या घशात घास अडकला. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, ताईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. खोकत असतानाच त्याला जाणवत होतं की आता आपण काहीतरी चांगलं बोलायला हवं, मोठ्या मनाचं, या बाईनं आपल्यासाठी जे केलं त्याला शोभेल असं. शब्द शोधायलाही तो लागला होता. खोकला थांबला, त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, “आणि जेवणाचं?”

ताईनं ग्लास परत घेतला. मग हसली. “वाटलंच होतं मला, तू हेच विचारशील.” पण हसून झाल्यावर ती सिंकपाशी गेली आणि आधीच घासलेलं एक भांडं पुन्हा घासत बसली. पाठमोरी असतानाच म्हणाली, “तू नको म्हणालास तरी मी करणार आहे. तेवढं माझं ठरलंय. पण तू हो म्हणालास तर बरं वाटेल रे. जबरदस्ती नाही. आतून आलं तर म्हण.”

आतून काही आलं नाही. पुढचे काही आठवडे त्यानं आत डोकावून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. राग होता का? नव्हता. मत्सर? त्या माणसाला तर त्यानं पाहिलंही नव्हतं. नुसतंच एक रिकामं दालन असावं आणि त्यात आपलेच पाय वाजावेत तसं काहीतरी होतं. ताईनं पुन्हा विषय काढला नाही. ताट येत होतं, डबा मिळत होता, आणि यामुळेच घास गिळणं अवघड झालं होतं. एका सकाळी तो म्हणाला, माझा डबा करू नकोस, मी बाहेर खाईन. हे बोलताना आपण फार समंजस दिसत असू अशी त्याची कल्पना होती. ताईला मात्र तो रुसवा वाटला, आणि खरं म्हणजे तो होताही. मग दुपारी तो पावाचे कोरडे तुकडे चावत असताना बुरशीबाईंनी त्याला पकडलं. काय झालं ते त्यांनी त्याच्याकडून हळूहळू काढून घेतलं आणि शेवटी दोन्ही कोपर टेबलावर टेकून विचारलं, “बुवा, खरं सांगा. दुःख कशाचं आहे? ताई जातेय त्याचं, का डबा जातोय त्याचं?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “दोन्ही एकच वाटतंय. इतकी वर्षं वेगळं कधी काढलंच नाही.”

“मग काढा आता. अहो, शेकडो जणांना रोज जेवायला घालता तुम्ही. कुणाला काय पचतं, कुणाला काय मानवतं, तोंडपाठ. ताईला काय आवडतं?”

लाल कोळ्याच्या कोणत्या वयाची पिल्लं शिकाऱ्याला सगळ्यांत जास्त आवडतात हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ताईला काय आवडतं? परीक्षेतल्या पहिल्याच प्रश्नाला अडावं तसा तो अडला.

त्याच आठवड्यात प्रयोगाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. साखरपाण्यावर इतके दिवस काढलेल्या माद्यांना आता खरं जेवण द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. त्याला स्वतःला काही व्हायची आशा नव्हती. त्यांचं वय उलटून गेलं होतं. त्यांच्या जोडीच्या वरच्या माद्या कधीच संपल्या होत्या. बारीक कुंचल्यानं त्यानं एकेका पानावर लाल कोळी सोडले. पहिल्या बशीतली म्हातारी काही वेळ हललीच नाही. शिकार तिच्या पायाला घासून गेली. मग तिनं पुढचे दोन पाय उचलले, हवेत चाचपडली, जणू हे काय असतं ते आठवत होती. आणि एकदम झेपावली. ती शिकारीचा रस पिऊ लागली तशी तिच्या पारदर्शक अंगातून तांबूस रंग चढत गेला. दुसऱ्या दिवशी तिचं पोट भरून आलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्म्यावरची वाफ विरायचीही वाट न बघता त्यानं बशी भिंगाखाली धरली. पानाच्या शिरेला लागून, एका लवेवर तोलून धरलेलं, काचेच्या थेंबासारखं एक अंडं होतं. लांबट, किंचित दुधी. त्यानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग दुसरी बशी घेतली. तिथं दोन. सगळ्यांत म्हाताऱ्या माद्यांच्या निम्म्याहून जास्त बशांमध्ये अंडी होती, आणि त्या मालकिणी पानावरून अशा तुरुतुरु फिरत होत्या, की कपबशा म्हणून त्यांना ठेवून दिलं होतं हे कुणाला खरं वाटलं नसतं.

“बाई!” तो ओरडला. “बुरशीबाई! लवकर या!”

बुरशीबाई धावत आल्या, आग लागली समजून. भिंगात डोकावल्या. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “या तर म्हाताऱ्या ना?”

“म्हाताऱ्या नव्हत्याच. उपाशी होत्या.”

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. ताई म्हणजे काही कोळी नव्हे, त्यानं स्वतःला बजावलं. माणसाचं माणसापाशी, कोळ्याचं कोळ्यापाशी. पण त्यानं कोट काढला, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बाहेर पडला तेव्हा कुठं जायचं हे पायांना आधीच ठाऊक असल्यासारखं होतं.

तलावाच्या दालनात आवाज घुमत होते. छताच्या काचांतून आलेलं ऊन पाण्यावर पडून भिंतींवर हलत होतं. तो पायरीवर बसला. ताईनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती हे त्याला माहीत होतं. कशासाठी ते त्यानं विचारलं नव्हतं. तिला शोधायला वेळ लागला, कारण निळ्या टोप्या घातलेली सगळी डोकी सारखीच. मग त्यातलं एक डोकं काठापासून सुटलं आणि सावकाश, जराशा वाकड्या रेषेत, पाणी बाजूला सारत निघालं. ताई पोहत होती. सुंदर वगैरे पोहत नव्हती. तोंडाचा चंबू करून फुर्रकन श्वास सोडत होती आणि एका बाजूला कलत होती. पण मध्येच ती पाठीवर वळली, हात पसरले आणि नुसती पडून राहिली. तिला कुणाला काही वाढायचं नव्हतं. पाण्यानं तिला धरलं होतं. त्याला हसावंसं वाटलं.

“तुम्ही ते किड्यांना जेवू घालणारे ना?” शेजारून कुणीतरी विचारलं. टक्कल पडलेला, चांगलं पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. पोहणारा माणूस म्हणून त्यानं मनात जे चित्र रंगवलं होतं, त्यातला एकही अवयव या माणसाला नव्हता.

“किडे नाहीत. कोळी. किड्यांना पाय सहा.”

“चुकलं. आठ. तुमच्या ताईंनी सांगितलं होतं, मी विसरलो.” सर शेजारी बसले. ओल्या पायरीवर पच्चकन आवाज झाला. “उजवीकडे कलतात त्या,” सर म्हणाले. “किती वेळा सांगितलं. ऐकत नाहीत.”

“घरीही ऐकत नाही,” तो म्हणाला. मग ज्यासाठी आलो ते विचारून टाकावं म्हणून त्यानं सगळं बळ एकवटलं. “सर, तुम्हाला स्वयंपाक येतो का?”

सरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. “येतो. म्हणजे मला वाटतं, येतो. तुमच्या ताईंचं मत वेगळं आहे. तुम्ही असं करा, रविवारी जेवायलाच या. तिसरं मत मिळेल.”

रविवारी तो गेला. सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीत तुळतुळीत पुसलेल्या कुंड्या. ताई आधीच आली होती आणि खुर्चीवर बसून होती. उठत नव्हती. एकदा सवयीनं उठू लागली तर सर स्वयंपाकघरातून ओरडले, “बसा! इथं आधीच गर्दी आहे,” आणि आत तर ते एकटेच होते. जेवण आलं. अंड्यांचा जाडसर रस्सा, भाजलेली वांगी, भात. रस्सा एका बाजूनं लागला होता आणि भात गिचका झाला होता. सरांनी पहिलं ताट ताईपुढे ठेवलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर गेली, तिनं डोळे मिटून वास घेतला आणि कुणाचीही वाट न बघता जेवायला सुरुवात केली.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“मागच्या वेळी जास्त होतं म्हणालात.”

“मग मधलं घाला ना. आणि वांगं द्या अजून. करपलेलं द्या, ते कडेचं.”

तो बघत राहिला. ताई भराभर जेवत होती. दोन्ही गाल भरत होते आणि मध्येच ती खिडकीबाहेर बघत समाधानानं चावत राहत होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. इतक्या वर्षांत हे त्याला दिसलं नव्हतं. “तुला वांगं आवडतं?” त्यानं विचारलं.

“जीव की प्राण.”

“मग आपल्याकडे कधी का नसतं? रोज आपला बटाटा.”

“तुला आवडतो म्हणून. मला तर बटाट्याचा कंटाळा.”

“मला?” त्याचा घास हातातच राहिला. “मला कुठं आवडतो? मला वाटायचं तुला आवडतो! तू एवढ्या हौसेनं करतेस म्हणून मी गपचूप खातो.”

ताईनं चमचा खाली ठेवला. “लहानपणी तूच म्हणाला होतास.”

“एकदा म्हणालो असेन! चांगला झाला असेल त्या दिवशी!”

मग तिचे खांदे हलायला लागले. मान मागे गेली आणि ती अशी हसली की तिला ठसका लागला, सरांनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि तोही हसता हसता टेबलावर वाकला. ते बघून काहीच न कळता सरही हसू लागले. “तीस वर्षं,” ताई डोळे पुसत म्हणत होती, “अरे देवा, किती पोती सोलली मी!”

जेवणं झाल्यावर ताई खिडकीजवळच्या आरामखुर्चीत टेकली. दुपारचं ऊन तिच्या पायांवर आलं होतं. भांडी मी घासतो असं तो म्हणाला, सर म्हणाले तुम्ही पाहुणे, आणि शेवटी त्यानं घासायची आणि सरांनी पुसायची असं ठरलं. साबणाच्या फेसात हात घालताना त्याला वांगी कशी भाजली ते विचारायचं होतं. वरचं साल काळं होईपर्यंत धीर धरायचा, सर सांगू लागले, घाई केली की आत कच्चं राहतं. तो लक्ष देऊन ऐकत होता. बाजारातून जाडसर वांगी आणायची, असं मनात ठरवतही होता. बाहेरच्या खोलीतून बारीक घरघर ऐकू आली. त्यानं दारातून पाहिलं. ताईची मान एका बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडं होतं, हात पोटावर होते. भरदुपारी ताई झोपली होती.

सरांनी पुसलेलं ताट फळीवर ठेवलं. फडकं दोन्ही हातांत पिळत त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. टकलावर घाम आला होता. “मग,” त्यांनी घसा खाकरला, “आमच्या लग्नाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

“हळू बोला,” तो म्हणाला. “तिला झोप लागलीय.” आणि निथळता पेला त्यानं सरांच्या हातात दिला.